नोव्हेंबरात कुठलं पाणी?

जूनमध्ये मला कुणी विचारलं, की या शनिवारी ट्राउट धरायला कुठे जाणार, तर मी हातातला चहा खाली न ठेवता उत्तर देतो. उन्हाळ्यात गणित सोपं असतं. पाणी जिथे गार तिथे मासा, आणि पहाटे उठायची तयारी असेल तर तिथेच मी. खरा प्रश्न पडतो तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. पेनसिल्व्हेनियातल्या ज्या कंबरलंड खोऱ्यात मी राहतो, तिथले मेपल आणि ट्यूलिप पॉपलर तोवर पार उघडे झालेले असतात. ओक तेवढे आपली तपकिरी पानं सोडायला तयार नसतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेलेली असतात, त्यामुळे पाच वाजायच्या आत सूर्यास्त. थंडीच्या सकाळी रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं. म्हणजे आठवड्यातला एक दिवस, आणि त्या दिवसातले अकरा ते तीन एवढेच कामाचे तास. एवढ्याशा वेळात चुकीच्या पाण्यावर जाऊन उभं राहणं परवडत नाही. आणि चुकीचं पाणी म्हणजे जिथे मासा लागणार नाही ते, ही व्याख्या जूनपुरतीच खरी असते.

पर्याय कमी आहेत म्हणून अडचण होते असंही नाही. हे खोरं चुनखडीवर वसलेलं आहे. पाऊस पडतो तो खडकाच्या भेगांतून खाली उतरतो, अंधारात कुठे कुठे फिरतो आणि झऱ्याच्या रूपाने वर येतो, तेव्हा ते पाणी बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाचं असतं. ५०-५२ फॅरनहाइट, आपल्या मापात १०-११ अंश. जुलैत त्यात पाय घातला की शहारा येतो, जानेवारीत त्याच्यावर वाफ तरंगताना दिसते. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. पाणी पाचाच्या खाली गेलं की त्याचं अंग मंदावतं. मग तो डोहाच्या तळाशी जाऊन राहतो आणि तोंडासमोरून किडा वाहत गेला तरी जागचा हलत नाही. डोंगरातले ओढे नोव्हेंबरअखेर त्या थंडीकडे झुकतात, चुनखडीचे झुकत नाहीत. माझ्या मेकॅनिक्सबर्गच्या घरापासून पाऊण तासाच्या आत असे तीन नावाजलेले ओढे आहेत: कार्लाइल गावातून वाहणारा लेटॉर्ट, न्यूव्हिलचा बिग स्प्रिंग, आणि बॉयलिंग स्प्रिंग्जवरून जाणारा यलो ब्रीचेस. आणखी थोडं पुढे गेलं की चेंबर्सबर्गचा फॉलिंग स्प्रिंग. उत्तरेला ब्लू माउंटनच्या पलीकडे क्लार्क्स क्रीक आणि स्टोनी क्रीक. दोनेक तास गाडी चालवायची तयारी असेल तर पेन्स क्रीक, स्प्रिंग क्रीक, लिटल जुनिआटा. उभ्या अमेरिकेतून लोक विमानाचं तिकीट काढून या पाण्यांवर येतात. मला फक्त पाण्यात उतरायचे वेडर्स गाडीत टाकायचे असतात.

कायद्याला विचारावं, तर कायदा म्हणतो, जा. इथे ट्राउटचा हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी उघडतो, सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत चालतो, आणि मग सुरू होतो तो वाढीव हंगाम. त्यात हॅचरीत वाढवलेले मासे सोडलेल्या ओढ्यांतून दिवसाला तीन मासे घरी नेता येतात. जिथे मासा ओढ्यातच जन्मतो आणि वाढतो तिथून नेता येत नाहीत, पण धरून सोडून द्यायला मुभा आहे. याउलट हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. मिशिगनमध्ये पुष्कळ ओढे ३० सप्टेंबरला बंद होतात. अशा ठिकाणच्या माणसाचा मला हेवा वाटतो. रॉड पुसून कोपऱ्यात ठेवायचा, हंगाम उघडेपर्यंत गळाला खोट्या माशा, म्हणजे फ्लाय, बांधत बसायचं, आणि आपण किती संयमी याचं फुकटचं समाधान मिळवायचं. आमच्याकडे सरकारने दार उघडं ठेवून निर्णय माझ्यावर सोपवलाय, आणि माझ्यावर सोपवलेले निर्णय सहसा शुक्रवारी रात्री अकराला होतात.

निर्णय घ्यायचा तो कशाचा, हे बिग स्प्रिंगवर गेलं की डोळ्यांना दिसतं. नोव्हेंबरात तिथे मी जातोच, पण रॉड घरी ठेवून. या ओढ्याचा उगम म्हणजे एक मोठा झरा. जमिनीतून निघतो तोच चांगला रुंद प्रवाह होऊन. उगमाजवळ पाणी उथळ, काचेइतकं स्वच्छ आणि तळाला बारीक खडी. रस्ता काठानेच जातो, त्यामुळे वाकून बघायचीही गरज नसते. हिरव्या-काळपट तळात मध्येच एखादा फिकट, अंगण सारवून घेतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसतो. नजर तिथे ठरली की त्यावरचे मासे दिसू लागतात. हे ब्रुक ट्राउट, पेनसिल्व्हेनियाचा राज्यमासा. पाठीवर किड्यांनी कुरतडल्यासारखी नक्षी, कुशीवर निळ्या वर्तुळातले लाल ठिपके, परांच्या कडेला चुन्याची रेघ ओढावी तशी पांढरी किनार. आणि या दिवसांत नराचं पोट असं नारिंगी होतं, की पाण्यात दिवा लावलाय असं वाटावं.

मादी कुशीवर वळते आणि शेपटीने तळाला फटकारे मारते. खडी उसळते, तिच्यातला गाळ प्रवाहाबरोबर निघून जातो, खड्डा होतो. नर बाजूला थरथरत उभा राहतो. आला-गेलेला दुसरा नर त्याला खपत नाही, सगळा वेळ हुसकावण्यात जातो. अंडी पडली की मादी थोडी वर सरकून पुन्हा खडी उडवते, ती खाली येऊन अंड्यांवर बसते. तेवढं झालं की आईबाप निघून जातात. पुढचं सगळं खडीतून झिरपणाऱ्या पाण्याच्या हातात. अंडी फुटायला पाण्याच्या थंडीप्रमाणे दीड महिन्यापासून तीन-चार महिन्यांपर्यंत वेळ लागतो, आणि फुटल्यावरही पिल्लं पोटाला बलकाची पिशवी घेऊन आणखी काही आठवडे खडीतच राहतात. म्हणजे काठावरून बघणाऱ्याला ज्या दिवशी ओढा रिकामा दिसतो, त्या दिवशीही तो रिकामा नसतो. मोंटानात झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की अशा खडीवरून रोज दोनदा माणूस चालत गेला तर ९६ टक्क्यांपर्यंत अंडी आणि पिल्लं मरू शकतात. तो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. तो वाचल्यापासून वेडर्समधले माझे पाय मला जरा मोठेच वाटायला लागले आहेत.

बिग स्प्रिंगचं आणखी एक आहे. एकेकाळी ब्रुक ट्राउटसाठी हा ओढा पूर्वेकडे प्रसिद्ध होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याने नेमकी त्याच्या उगमाशी ट्राउटची हॅचरी बांधली. झऱ्याचं पाणी हॅचरीतून फिरून, माशांची घाण आणि उरलंसुरलं खाणं घेऊन ओढ्यात येऊ लागलं, आणि ज्या माशासाठी ओढ्याचं नाव होतं तोच तिथून जवळजवळ नाहीसा झाला. मासे वाढवायच्या कारखान्याने मासे संपवले. लोकांनी वर्षानुवर्षं भांडून शेवटी २००१ मध्ये ती हॅचरी बंद करवली. त्यानंतर पाणी निवळलं, तळाची डागडुजी झाली, आणि ब्रुक ट्राउट परत आले. आता त्या खडीवर जे मासे दिसतात ते कुणी ट्रकमधून आणून ओतलेले नाहीत. तिथे मासा धरणं बेकायदा नाही. शनिवारी दोन-तीन गाड्या उभ्या असतात, माणसं छान कपडे करून पाण्याकडे तोंड करून उभी असतात. मी त्यांना नमस्कार-चमत्कार करतो आणि बाकी काही बोलत नाही.

यावरून माझा आणि माझ्या मासेमारीतल्या जोडीदाराचा दरवर्षी वाद होतो. हा गृहस्थ माझ्याहून बराच मोठा आहे, निवृत्त ट्रकचालक, याच खोऱ्यात जन्मलेला; फ्लाय टाकायला मी त्याच्याकडूनच शिकलो. त्याचं म्हणणं असं, की खडीवर पाय ठेवू नये आणि खडीवरच्या जोडीला गळ दाखवू नये, एवढं पाळलं की पुरे. पण त्या जोडीच्या खालच्या बाजूला, दहा-पंधरा हातांवर, दुसरे ट्राउट तोंड उघडून उभे असतात. वरून निसटून येणारं एखाददुसरं अंडं गिळायला. ते काही संसाराला बसलेले नसतात, चोरी करायला आलेले असतात. मग वाटाण्याहून लहान, नारिंगी लोकरीचं खोटं अंडं बांधून त्यांच्यापुढून सोडलं तर कुणाचं काय बिघडलं? उलट चोरांना धाकच बसला. हा युक्तिवाद तो इतक्या गंभीर चेहऱ्याने करतो, की तो चेष्टा करतोय की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. त्या खोट्या अंड्याला मासा लागतो हे मात्र शंभर टक्के खरं. इतका लागतो, की त्यात बघण्यासारखं काही उरत नाही.

त्याला मी एकदा माझ्या आजोळची गोष्ट सांगितली होती. महाड तालुक्यातलं गाव. मिरग बरसला, पहिले दोन-चार दणके झाले की नदीतले मासे पऱ्यातून उलटे वर चढायला लागत, भातखाचरांपर्यंत. वलगण. रात्री कंदील, बॅटऱ्या, पाग, टोपल्या, जे हाताला लागेल ते घेऊन अख्खा गाव पाण्यात. मासे पोटात गाबोळी घेऊन चढत आणि ती गाबोळी तव्यावर परतलेली हीच तर त्या रात्रीची खरी कमाई. आजोबांना त्यात पाप वाटत नसे. पावसाळ्याचे चार दिवस, त्यातही पूर आला की माणसाचं काही चालत नाही, नदी आपलं बघून घेते, असं त्यांचं मत होतं. आणि हेच आजोबा त्याच मुलखातल्या वाळणकोंडावर गेले की खिशातले कुरमुरे पाण्यात टाकून हात जोडत. काळ नदीच्या त्या खोल कोंडात महसीर आहेत, वरदायिनी देवीचे मासे. ते वर येऊन हाताशी खातात आणि त्यांना कुणी गळ लावत नाही. एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही पाणी सुखाने नांदत होती. कुठल्या पाण्यात हात घालायचा आणि कुठल्या पाण्याला जोडायचा, हे त्यांना ठरवावं लागलं नाही. गावाने आधीच ठरवून ठेवलं होतं. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचंही तेच. नारळी पौर्णिमेला सोनेरी नारळ दर्याला दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हे एकट्याने रात्री जागून ठरवायचं नसतं.

जोडीदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझ्या आजोबांनी अंड्याची फ्लाय वापरली असती का?" मी म्हटलं, बहुतेक वापरली असती, पण मासा घरी नेऊन खाल्ला असता. मला तिथेच फरक दिसतो. खाणाऱ्याला निदान एक सबब असते. धरून सोडून देणाऱ्याला तीही नसते. तो सगळा उपद्व्याप निव्वळ स्वतःच्या करमणुकीसाठी करतो. म्हणून त्याने दिवस आणि जागा जरा जास्त निवडून घ्यावी. जोडीदाराला हे पटलं नाही. त्याच्या मते आपण मुळात गळ टाकतोच आहोत, तर उगाच सोवळ्याचा आव कशाला. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे आणि त्यामुळेच मला त्याच्याबरोबर जायला आवडतं.

तर बिग स्प्रिंग गेला. लेटॉर्ट सोडणं याहून अवघड. फ्लायने मासे धरणाऱ्यांत हा ओढा म्हणजे काशी. व्हिन्सेंट मॅरिनारो आणि चार्ली फॉक्स यांनी १९४०-५० च्या दशकांत याच्या काठी पालथं पडून तासन् तास ट्राउट काय खातो ते बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, की उन्हाळ्यात मासा जे टिपतो ते पाण्यातले किडे नसून कुरणातून पडलेल्या मुंग्या, भुंगे आणि डोळ्यांना दिसूही नयेत असे तुडतुडे असतात. मॅरिनारोंचं 'अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड' १९५० मध्ये आलं आणि इंग्लंडकडे बघून माशा बांधणाऱ्या अमेरिकेला आपल्या कुरणाकडे बघायची सवय लागली. आज त्याच ओढ्यावरून इंटरस्टेट ८१ जातो. कार्लाइल ट्रकवाल्यांचं गाव झालंय, भोवती गोदामांवर गोदामं उठतायत, आणि तुम्ही गुडघ्यावर बसून श्वास रोखून वीस इंची ब्राउन ट्राउटकडे सरकत असता तेव्हा डोक्यावरून अठरा चाकं धडधडत जातात. माशाला ट्रकची सवय आहे, तुमच्या पावलाची नाही. काठ दलदलीचा, पाऊल जोरात पडलं की हादरा पाण्यात पोचतो आणि मासा गेलेला असतो.

नोव्हेंबरात लेटॉर्टचा मोह दुहेरी असतो. एक तर पाणी उबदार. दुसरं, काठाला झाडी विरळ, म्हणून पानांचा त्रास कमी. पण तिथले ब्राउन ट्राउट याच दिवसांत अंडी घालायला लागतात, ते थेट डिसेंबरात शिरेपर्यंत. ओढ्याला गाळ आणि शेवाळ उदंड, खडी अगदी मोजक्या ठिकाणी. त्यामुळे वर्षभर झुडपाच्या मुळाशी लपून राहणारे, ऑगस्टात ज्यांची सावलीही दिसत नाही, ते दांडगे मासे त्या चार-दोन खडीच्या तुकड्यांवर उघड्यावर येऊन उभे राहतात, कुणीही बघावं असे. जो मासा मला कधी जवळ फिरकू देत नाही, तो आता माझ्यापासून पळायचा नाही, कारण त्याला दुसरं काम आहे. अशा वेळी त्याला धरणं आणि मग फोटो काढून मित्रांना पाठवणं याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. लेटॉर्टचा तो मासा मला हवा आहे. पण ऑगस्टात, त्याच्या अटींवर, एका मुंगीवर.

डोंगरातले छोटे ओढे तर बोलायलाच नकोत. तिथे ब्रुक ट्राउट, तिथे हीच गडबड, शरद ऋतू कोरडा गेला असेल तर पाणी घोट्याएवढं, आणि त्यावर पानांचा जाड थर. पानं हा नोव्हेंबरचा वेगळाच जाच आहे. फ्लाय टाकली की पान. दोरी थबकली, मासा म्हणून झटका द्यावा, की मेपलचं पान हात हलवत वर येतं. शिव्या द्याव्यात तर तेही बरोबर नाही. हीच पानं तळाशी कुजतात, पाण्यातले किडे त्यांच्यावर पोसतात आणि ते किडे मार्चमध्ये माशाच्या पोटात जातात. घरी मात्र या विचाराला किंमत नाही. आमच्या टाउनशिपची पानं ओढून नेणारी गाडी ठरल्या दिवशी येते, तोवर ढीग रस्त्याच्या कडेला लागलेला हवा, आणि शनिवार कुठे घालवायचा या प्रश्नावर बायकोचं उत्तर अंगणापासून सुरू होऊन अंगणातच संपतं. यंदा त्यात मराठी मंडळाच्या दिवाळीचीही भर आहे. इथे दिवाळी हॉल मिळेल त्या शनिवारी येते.

लांब जायचं म्हटलं तर ईरी सरोवराला मिळणारे ओढे आहेत. एल्क क्रीक, वॉलनट क्रीक. नोव्हेंबरात सरोवरातून स्टीलहेड वर चढतात, हाताएवढे लांब आणि चांदीसारखे. माणसंही तितकीच चढतात. पाच तास गाडी चालवून रांगेत उभं राहायची मला हौस नाही. पेन्स क्रीक मात्र मनात बराच वेळ घोळला. मोठं पाणी, पो पॅडीजवळचा जुना रेल्वेचा बोगदा, दोन्ही बाजूंना सरकारी जंगल. ढगाळ, बुरबुर पावसाचा दिवस मिळाला तर दुपारी निळसर पंखांच्या बारीक माशा पाण्यावर येतात आणि ट्राउट चक्क पृष्ठभागावर येऊन त्या टिपतात. वर्षाच्या शेवटी ड्राय फ्लायवर मासा ही चैन तिथेच. पण थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी अस्वलांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो, आणि नंतरच्या शनिवारी हरणांचा. हरणांचा हंगाम सोमवारी उघडायचा त्या काळी इथल्या कितीतरी शाळांना त्या दिवशी सुट्टी असे. त्या जंगलात या दोन्ही शनिवारी भगव्या टोपीची माणसं झाडाझाडामागे असणार. आपणही भगवी टोपी घालून जाता येतं, जोडीदार जातोही. मी मात्र उभ्याने पाण्यात असताना मागच्या रानात बार उडाला की फ्लायकडे लक्ष ठेवू शकत नाही. आणि ज्या उथळ खळाळातून चालत पलीकडे जायचं, तिथे ब्राउन ट्राउटची खडी आहेच. मोठ्या ओढ्यात ती दिसत नाही एवढाच फरक. न दिसणाऱ्या खडीवर पाय पडणं जास्त सोपं.

राहता राहिला यलो ब्रीचेस. खरं सांगायचं तर वर्षभर मी या ओढ्याचं नाव जरा नाक मुरडूनच घेतो. बॉयलिंग स्प्रिंग्ज गाव सुंदर आहे, त्यात वाद नाही. जमिनीतून उसळून येणाऱ्या झऱ्यांचं तळं, तळ्यात बदकं, शेजारून जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी अॅपलेशियन ट्रेल. तळ्याचं पाणी एका अरुंद नाल्याने ओढ्याला मिळतं आणि त्या नाल्यात वर्षभर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. ओढ्यातले बहुतेक मासे हॅचरीतून आलेले. त्यांचे पर सिमेंटच्या टाकीत घासून झिजलेले, रंग फिका, आणि पहिले काही दिवस त्यांना खाणं वरून गोळ्यांच्या रूपाने पडेल अशीच अपेक्षा असते. पट्टीचे मासेमार या ओढ्याबद्दल सौम्य आवाजात बोलतात. मीही त्यांच्यात बसलो की तसाच बोलतो. पट्टीच्या मासेमारांत उठबस ठेवण्याचा हा एक तोटा.

पण नोव्हेंबरात सगळा मानमरातब उलटा होतो. ज्या पाण्यात मासा आपल्या पायावर उभा आहे, आपली पोरं आपण वाढवतो, त्या पाण्यापासून दूर राहणं बरं. आणि जो मासा शरदात ट्रकमधून आला, ज्याची अंडी इथे बहुधा रुजणारच नाहीत, त्याच्याशी खेळायला हरकत कमी. जिथे आम्ही वर्षभर जायला लाजतो, तिथे आता निश्चिंतपणे पाय टाकता येतो. हॅचरीच्या माशालाही दोन महिन्यांत ओढा बरंच काही शिकवतो. गोळ्यांची वाट बघणं तो सोडतो, बुडबुड्यांच्या रेषेत उभा राहतो, खोट्या माशीकडे येऊन, बघून, परत फिरायला लागतो. एखादा तर असा शहाणा होतो, की त्याचे परही भरून येतात आणि त्याचं जन्मस्थान विचारायचा धीर होत नाही. अस्सल आणि पोसलेला यांच्यातली माझी रेघ तिथे जरा पुसट होते. इथे काही ओढ्यातच जन्मलेले ब्राउन ट्राउटही आहेत, ते मला ठाऊक आहे. म्हणून उथळ खडी दिसली की काठावर चढायचं आणि वळसा घालायचा, हा नियम इथेही सुटत नाही. पण लेटॉर्टवर तो नियम पाळायचा म्हणजे घरी बसणं. यलो ब्रीचेसवर तो पाळूनही चालायला ओढा उरतो.

शुक्रवारी रात्री जोडीदाराला फोन केला आणि म्हटलं, यलो ब्रीचेस. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मला वाटलं, नाराज झाला. मग तो म्हणाला, "कुठे?"

हे खरं. ओढा पन्नास मैलांहून लांब आहे. बॉयलिंग स्प्रिंग्जच्या खालचा मैलभराचा धरून-सोडायचा भाग शनिवारी भरलेला असणार. मसाया विद्यापीठाजवळ, लाकडी छपराच्या जुन्या पुलाखाली पाणी संथ आणि खोल आहे, पण सावली लवकर येते. लिस्बर्नकडे ऊन दोनपर्यंत राहतं, डोह चांगले आहेत, तळ खडीपेक्षा दगडाचा जास्त. फक्त काठावर सिकॅमोर आहेत आणि सिकॅमोरचं एक पान म्हणजे जेवणाची थाळी. त्याचं मत पुलाचं, माझं लिस्बर्नचं. त्याने यूएसजीएस या सरकारी खात्याचे पाण्याच्या मोजणीचे आकडे काढले, मी उन्हाचे. तो म्हणाला पुलाखाली नऊला पोचू. मी म्हटलं नऊला कुठलाही ट्राउट उठलेला नसतो, त्याच्यासाठी थंडीत कुडकुडायचं कशाला, अकराला जाऊ. शेवटी ठरलं ते असं: आधी लिस्बर्न, साडेअकराला, पानं फार असतील तर पूल. गाडी त्याची, चिवडा आणि चकल्या माझ्या. आणि खोट्या अंड्यांची डबी तो बरोबर घेणार आहे, कारण, तो म्हणाला, हॅचरीच्या चोरांबद्दल तुझं अजून काही मत झालेलं दिसत नाही.